युरोपातील उच्चशिक्षण : पैसा, कागद आणि काळ

रेणापूर, औसा, निलंगा, अहमदपूर या परिसरांतील तरुण उपासक-उपासिका अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. पदवी झाली, आता इंग्लंड-जर्मनीसारख्या देशात जाऊन पुढील शिक्षण घेता येईल काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा संकोच असतो. अर्ध्या तासाच्या अंतरावरील लातूर शहर दहावी-बारावीच्या निकालांसाठी आणि ‘लातूर पॅटर्न’साठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे, वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या वाटा तेथील शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतात, परंतु समुद्रापलीकडील विद्यापीठाची वाट कोणत्या दारातून सुरू होते, हे सांगणारे माणूस तालुक्याच्या गावी सहसा भेटत नाही. परिणामी दोन समजुती दृढ झाल्या आहेत. एक, असे शिक्षण केवळ असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यासाठी असते. दुसरी, ते केवळ श्रीमंताच्या मुलासाठी असते. आमच्या पाहण्यात आलेली वस्तुस्थिती निराळी आहे. ज्याच्या घरी पैसा नाही अशा विद्यार्थ्याचे परदेशी शिक्षण प्रामुख्याने काळावर अवलंबून राहते. पैसा कोणत्या महिन्यात हाती येतो, कागद कोणत्या महिन्यात तयार होतो आणि विद्यापीठाचे दार कोणत्या महिन्यात बंद होते, या तिन्हींचा मेळ बसला तर विद्यार्थी जातो. न बसला तर उत्तम गुण असूनही घरी राहतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपण जयंतीच्या फलकांवर वाचतो, परंतु त्या पदव्यांमधील खंड आपण वाचीत नाही. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिच्या मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला. त्या आधारावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव नोंदविले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. येथपर्यंत सर्व सुरळीत होते. वाढवून मिळालेली शिष्यवृत्तीची मुदत १९१७ च्या उन्हाळ्यात संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. ज्या जहाजातून त्यांची पुस्तके व सामान येत होते ते जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. बडोद्यास नोकरीवर गेले तेव्हा राहावयास जागा मिळेना, कचेरीत शिपाई दुरून कागद फेकीत, हे सर्वश्रुत आहे.

आम्हांस येथे ज्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे ती यापेक्षा लहान व कोरडी आहे. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळविली होती. हा एक कागद नसता तर १९२० साली त्यांना कदाचित पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली असती. शिष्यवृत्ती बंद पडली त्या काळात खचून न जाता दार उघडे ठेवण्याची तजवीज करणे, हे शहाणपण त्यांच्या विद्वत्तेइतकेच अनुकरणीय आहे असे आम्ही मानतो.

पुढील तीन वर्षे पैसा उभा करण्यात गेली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापक झाले. त्या पगारातील बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, अशा तीन ठिकाणांहून जमलेल्या पैशावर ते १९२० च्या जुलैत पुन्हा बोटीत बसले. लंडनमधील ती वर्षे अर्धपोटी गेली. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तेथेच बसत. इकडे रमाबाई तुटपुंज्या पैशावर घर चालवीत होत्या. १९२१ साली एम.एस्सी. ची पदवी मिळाली. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरील डी.एस्सी. चा प्रबंध त्यांनी सादर केला, पण परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तोवर गंगाजळी संपली होती. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून प्रबंधाची फेरमांडणी केली आणि लंडनला धाडली. त्या वर्षाअखेर पदवी मिळाली. म्हणजे १९१६ साली आरंभिलेले लंडनचे शिक्षण पुरे होण्यास सात वर्षे लागली. त्यांपैकी लंडनमधील प्रत्यक्ष वास्तव्य साडेतीन वर्षांच्या आसपास भरते. उरलेला काळ पैशाने घेतला.

मधल्या काळातील जर्मनीचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी बॉन विद्यापीठास स्वहस्ते जर्मन भाषेत पत्र लिहिले आणि त्या वसंतात तेथे नावही नोंदविले. ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल १८१८ साली बॉनला आले तेव्हापासून संस्कृत विद्येचे ते मोठे केंद्र आहे. लंडनच्या दोन अभ्यासांचा भार डोक्यावर असताना बॉनचे शिक्षण पुरे होणे शक्य नव्हते, आणि ते झाले नाही. अर्धवट राहिलेल्या या नोंदणीचा उल्लेख काही चरित्रकार ओझरता करतात. आम्हांस मात्र ती बोलकी वाटते. मराठी मातृभाषा असलेला, इंग्रजी ही परकी भाषा कष्टाने आत्मसात केलेला विद्यार्थी तिसऱ्या भाषेत विद्यापीठाचे दार ठोठावू शकतो, याचा तो लेखी पुरावा आहे. मराठी माध्यमाचा न्यूनगंड बाळगणाऱ्यांनी तो ध्यानी घ्यावा.

स्वतः भोगलेल्या या अडचणी बाबासाहेबांनी विसरल्या नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांनी सरकारला जे निवेदन दिले त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उच्च, विशेषतः विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा आणि त्यांना परदेशी पाठवावे, अशी मागणी होती. राजाच्या मर्जीवर किंवा मित्राच्या कर्जावर अवलंबून असलेली गोष्ट राज्याच्या कर्तव्यात आणण्याचा तो प्रयत्न होता. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २००३ सालापासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावे परदेश शिष्यवृत्ती चालविली आहे. तिचे काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते. केंद्राच्या योजनेत २०२२ च्या नियमांनुसार एकूण १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. राज्याच्या योजनेत ७५. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे या दोन्ही योजनांत मिळते. उत्पन्नमर्यादा, गुणांची अट, शुल्काची कमाल मर्यादा आणि विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान यांविषयीचे नियम मात्र वरचेवर बदलतात. २०२४ साली राज्याच्या योजनेतील नव्या अटींवरून विद्यार्थ्यांना आवाज उठवावा लागला होता. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या वर्षीची जाहिरात अक्षरशः वाचावी.

येथे एक बाब आम्हांस स्पष्टपणे नोंदविली पाहिजे, कारण ती या पृष्ठांच्या वाचकांशी थेट संबंधित आहे. केंद्राच्या योजनेच्या २०२२ सालच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे आमच्या भागातील एखादी विद्यार्थिनी अजिंठ्याच्या लेण्यांवर, पालि साहित्यावर किंवा मराठवाड्यातील दलित चळवळीवर हॅम्बुर्गला वा लंडनला संशोधन करू म्हणेल तर त्या नियमाखाली तिला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. असे विषय भारतातच उत्तम शिकता येतात, अशी त्यामागील भूमिका सांगितली जाते. ती आम्हांस पटत नाही. पालिविद्येचा आधुनिक इतिहासच तिच्या विरुद्ध साक्ष देतो. फाउसबोल यांनी धम्मपद कोपनहेगन येथे १८५५ साली संपादून लॅटिन अनुवादासह छापले. ओल्डेनबर्ग यांनी संपादिलेले विनयपिटक १८७९ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झाले. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली लंडनमध्ये पालि टेक्स्ट सोसायटी स्थापिली. आपला वारसा वाचण्याची साधने जेथे घडली, तेथील पद्धती शिकून घेण्याचा अधिकार आपल्या मुलांना का नसावा? ज्यांच्या आईबापांना गावच्या विहिरीप्रमाणे ग्रंथालयही बंद होते, त्यांनी तरी परदेशी ग्रंथालयात स्वतःच्या इतिहासाविषयी बसू नये, असे म्हणणे विपरीत होय.

तथापि नियम असा असल्यास दुसरी वाट पाहावी लागते, आणि ती आहे. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षणशुल्क नाही. दर सत्रास काही शे युरोंच्या आत बसणारी वर्गणी तेवढी भरावी लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्गसारख्या ठिकाणी, २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला सत्रामागे १५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून असे शुल्क सुरू केले आहे. बौद्ध अध्ययनासाठी हॅम्बुर्ग, म्युनिकचे लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठ, बेल्जियममधील गेन्ट, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना, तसेच ऑक्सफर्ड व लंडनचे सोआस ही नावे प्रथम पाहावीत. एवढे लक्षात ठेवावे की तेथे ‘बौद्ध अध्ययन’ म्हणजे मुख्यतः भाषांचे अध्ययन असते. पालि व संस्कृत तर हवीच, शिवाय तिबेटी किंवा चिनी यांपैकी एक बहुधा शिकावी लागते. श्रद्धेने भारावून गेलेला विद्यार्थी पहिल्या सत्रातच व्याकरणाच्या तक्त्यांनी गांगरतो. पालीचे प्राथमिक व्याकरण येथेच पक्के करून जाणे उत्तम. पीएच.डी. करणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की जर्मनी, नेदरलँड्स व उत्तरेकडील देशांत संशोधक विद्यार्थ्याची जागा पुष्कळदा पगारी नोकरीच्या स्वरूपात जाहीर होते. तिच्यासाठी शिष्यवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.

शुल्क नाही म्हणजे पैसा लागत नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. जर्मन व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपयांच्या घरात ठरली आहे. ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खात्यात भरावयाची आणि तेथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे काढावयाची असते. पुरेशा रकमेच्या शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर हे खाते लागत नाही. इंग्लंडमध्ये एका वर्षात एम.ए. होते, पण शुल्क फार. शिवाय शुल्काची बाकी आणि राहण्याचा खर्च बँकेत सलग २८ दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते. तेथील आरोग्य अधिभार विद्यार्थ्यासाठी वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि भारतातून जाणाऱ्यास क्षयरोगाची तपासणीही करून घ्यावी लागते.

या मोठ्या रकमांची चिंता सर्वजण करतात. आमच्या अनुभवानुसार घर बसते ते लहान रकमांनी. जर्मनीस जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास १ नोव्हेंबर २०२२ पासून दिल्लीच्या ‘एपीएस’ केंद्राकडून गुणपत्रकांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये. इंग्रजीच्या परीक्षेला जवळजवळ तेवढेच. अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत जातात. ती पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढील प्रत्येकाला ३० युरो घेते. व्हिसाचे शुल्क निराळे. एवढ्यात पन्नास हजारांचा आकडा ओलांडला जातो, आणि हा सर्व खर्च शिष्यवृत्तीची निवड यादी लागण्यापूर्वी, स्वतःच्या खिशातून करावयाचा असतो. सोयाबीनच्या काढणीस मजुरीला जाणाऱ्या किंवा सहा महिने ऊसतोडीवर असणाऱ्या कुटुंबाला हे पन्नास हजार बारा लाखांहून अवघड असतात, कारण बारा लाखांसाठी निदान योजना आहे. पदवीधर मुलगा घरात कमावू लागण्याची वेळ आणि हा खर्च यांची गाठही नेमकी एकाच वर्षी पडते. गावोगावचे बौद्ध मंडळ जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याचा हा आरंभीचा खर्च उसना देऊ शकेल काय, याचा विचार व्हावा. शिष्यवृत्ती मिळाल्यावर तो परत करणे कठीण नाही. केंद्राची ‘पढो परदेश’ ही अल्पसंख्याकांसाठीची कर्जव्याज-सवलतीची योजना बौद्धांनाही लागू होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

आता कागद. बौद्ध विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वांत अधिक वेळ खाणारा कागद जातीचा असतो. शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद असते, ती अभिमानाने केलेली असते आणि ती योग्यच आहे. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने लागू झाल्या. परंतु केंद्राच्या कामासाठीच्या प्रमाणपत्रावर धर्मांतरापूर्वीच्या अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो आणि पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळची दप्तरे पुष्कळशी उर्दूत वा मोडीत आहेत. आजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंदच नसते, कारण आजोबा शाळेत गेलेच नव्हते. त्यात लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला आणि रेणापूर स्वतंत्र तालुका त्याही नंतर झाला. जुना कागद निराळ्या तालुक्याच्या, कधी निराळ्या जिल्ह्याच्या कचेरीत शोधावा लागतो. हे काम महिनोन्‌महिने चालते. ते पदवीच्या पहिल्या वर्षातच उरकले पाहिजे. शिष्यवृत्तीची जाहिरात निघाल्यावर नव्हे.

नावाचा घोळ त्याखालोखाल. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर मांडणी निराळी. विवाहित विद्यार्थिनीचे तर दोन पिढ्यांचे आडनाव. परदेशी कचेरीतील लिपिकाला ही दोन माणसे वाटतात. पासपोर्ट काढतानाच स्पेलिंग गुणपत्रकाशी अक्षरशः जुळवावे. तिसरा कागद विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा. लातूर-नांदेड-परभणी-हिंगोलीतील महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणून त्यासाठी नांदेडजवळील विष्णुपुरीस जावे लागते. त्यापूर्वीच्या पदवीचे दप्तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात असते. बारावीनंतर थेट जर्मनीस जाऊ इच्छिणाऱ्यांस सांगावयाचे ते एवढेच की तेथे आपली बारावी बहुधा पुरेशी मानली जात नाही. येथील विद्यापीठातून एखादे वर्ष उत्तीर्ण होऊन जाणे किंवा पदवीनंतर जाणे श्रेयस्कर.

तेथे पोचल्यावरचे जीवन दुसऱ्या लेखाचा विषय आहे. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जात मुंबईच्या विमानतळावर उतरून ठेवता येते, असे नाही. भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळांत आडनाव विचारले जाते, आणि विचारण्याचा हेतू आपल्याला समजतो. ब्रिटनमध्ये समानतेच्या कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचे २०१३ साली संसदेने ठरविले. २०१८ साली सरकारने तो विचार सोडून न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचे ठरविले. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने तेथे एकटे राहू नये. लंडनमधील दहा, किंग हेन्रीज रोड हे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ च्या सुमारास राहत, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले व तेथे स्मारक केले. परक्या शहरात ओळखीचा पहिला चेहरा शोधावयाचा तर तेथूनच आरंभ करावा. जर्मनीत विद्यार्थ्यास वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा २०२४ पासून आहे. तिच्या बळावर घरी पैसे पाठविण्याची स्वप्ने मात्र पाहू नयेत. नगरकचेरीतील नोंदणी, आरोग्यविमा आणि घरभाडे यांतच पहिले सहा महिने जातात.

जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या अर्जांची मुदत मे ते जुलै या काळात संपते. काही विद्यापीठांत त्याहूनही आधी. आपल्या विद्यापीठाच्या अखेरच्या सत्राचा निकाल पुष्कळदा याच काळात लागतो. याचा हिशेब मागे मोजत गेल्यास असे दिसते की पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत पासपोर्ट व जातवैधता हाती असावी, तिसऱ्या वर्षाच्या आरंभी इंग्रजीची परीक्षा द्यावी, डिसेंबरापर्यंत पाच सत्रांचे ट्रान्सक्रिप्ट वा उपलब्ध तेवढ्या सत्रांचे तरी मागवावे आणि शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना परीक्षेच्या धामधुमीपूर्वी गाठावे. निकालास विलंब झाला व वर्ष हुकले, तर विद्यापीठास पत्र लिहून प्रवेश पुढील सत्रास राखून ठेवता येईल काय, हे विचारावे. पुष्कळ विद्यापीठे होकार देतात. तो होकार लेखी घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी, एक विहारात ठेवावी.